नौकाविहार आणि नावेची निगा

विषयाचे नाव ऐकून काही जण म्हणतील, नौकाविहार म्हणजे शहरातल्या हौशी मंडळींचे काम. शेतकऱ्याला आणि शाळामास्तराला त्याचे काय? पण आमच्या गोंदिया जिल्ह्यात, विशेषतः अर्जुनी मोरगाव तालुक्यात, हा प्रश्न कुणी विचारणार नाही. इथे पाणी हौसेचेही आहे आणि पोटाचेही आहे. तलावाच्या पाण्यावर धान पिकते, तलावात ढिवर बांधवांची जाळी पडतात, आणि हिवाळा आला की त्याच तलावाच्या काठाशी दूरदेशीचे पक्षी उतरतात. ते पाहायला माणसे येतात. शाळांच्या सहली येतात. नवी लग्ने झालेली जोडपी येतात. आणि नाव दिसली की तीत बसावेसे कुणाला वाटत नाही?

आमच्या तालुक्यातला नवेगावबांधचा तलाव तुम्हांपैकी पुष्कळांनी पाहिला असेल. गोंदियाहून बल्लारशाकडे जाणाऱ्या रेल्वेने या भागात उतरता येते. डोंगरांच्या मध्ये सुमारे अकरा चौरस किलोमीटर पसरलेले हे पाणी काही निसर्गाने आपण होऊन साठवलेले नाही. अठराव्या शतकात कोलू पटेल कोहळी यांनी हा बांध घातला, असे परंपरेने सांगतात. १९७५ साली इथे राष्ट्रीय उद्यान झाले. पुढे २०१३ साली नवेगाव आणि नागझिरा मिळून व्याघ्रप्रकल्प झाला. मारुती चितमपल्ली वनखात्याच्या नोकरीत इथे राहिले आणि त्यांच्या लेखणीने हा परिसर महाराष्ट्राच्या घराघरांत गेला. याच तालुक्यात गाढवी नदीवर इटियाडोहचे मोठे धरण आहे. याशिवाय गावोगावचे मालगुजारी तलाव आणि बोड्या. एवढे पाणी जिथे आहे, तिथे नावेची विद्या सर्वांना थोडीफार ठाऊक असायला हवी. आज त्या विद्येतल्या एकाच प्रकरणाविषयी बोलायचे आहे. ते प्रकरण म्हणजे नावेची दुरुस्ती.

एक हकीकत सांगतो. आमच्याच भागातल्या एका लहान तलावावर ती घडली. एक गुरुजी आणि त्यांच्या पत्नी सोमवारची सुट्टी साधून नौकाविहाराला आले होते. दोघेही बाहेरगावचे. बाईंना पाण्याची फार हौस. त्यांनी एका तासासाठी लाकडी नाव ठरवली. नाव चालवणारा म्हातारा ढिवर. थंडीचे दिवस, पाणी संथ, कमळाच्या पानांवर पाणपक्षी पावले टाकीत चाललेले. पंधरावीस मिनिटे मोठ्या आनंदात गेली.

आणि मग त्या म्हाताऱ्याने वल्हे मारता मारता एकदम नावेचे तोंड काठाकडे वळवले. गुरुजींनी विचारले, "का हो दादा, इकडे कुठे?"

"पायाला पानी लागला गुरुजी," तो म्हणाला. "जराक उतरून घ्या."

गुरुजींनी खाली पाहिले. फळ्यांवर बोटभर पाणी होते. एवढेसे पाणी तर नावेत असतेच, असे त्यांना वाटले. परंतु म्हातारा ऐकेना. त्याने दोघांना गवताळ काठावर उतरवले, नाव निम्मी बाहेर ओढली आणि एका कुशीवर कलती केली. तळाच्या दोन फळ्यांमधला सांधा वीतभर उघडला होता. त्याने नावेतला एक जुना डबा काढला. त्यात डांबरात भिजवलेल्या धोतराच्या चिंध्या, एक बोथट छिन्नी, लाकडी ठोकणा, बारीक खिळे आणि पत्र्याच्या पट्ट्या होत्या. जणू काय डॉक्टरांची पेटीच. सांध्यातली सडकी चिंधी त्याने टोकरून बाहेर काढली, कोरड्या फडक्याने फट पुसली, नवी चिंधी पीळ देऊन छिन्नीने आत बसवली आणि वरून पत्र्याची पट्टी ठोकली.

यात पाऊण तास गेला. गुरुजी घड्याळाकडे पाहत होते. शेवटी न राहवून म्हणाले, "अहो दादा, आमचा तास तर इथंच संपला!"

म्हाताऱ्याने हात न थांबवता उत्तर दिले, "तास उद्याबी भेटंल गुरुजी. पन मधात सांधा उघडला तं कोठी जाता?"

बाईंनी मात्र वेगळा प्रश्न विचारला, आणि माझ्या मते तोच खरा प्रश्न होता. त्या म्हणाल्या, "दादा, हे काल का नाही केलं?"

"काल आयतवार होता बाई. नाव पान्यातून काढूच देल्ली नाही लोकायनं. एक उतरला का दुसरा बसला. थांबा म्हटलं तं म्हनत, दुसरी नाव पाहतो."

नाव तयार झाल्यावर त्याने त्यांना लगेच बसवले नाही. आधी तो एकटाच फेरी मारून आला, तळ पाहिला, मग हाक मारली. परत येताना त्याने मधले पाणी सोडून काठाकाठाने नाव आणली. उतरल्यावर गुरुजी एका तासाचे पैसे देऊ लागले, तर बाई म्हणाल्या, "अहो, दोन तासांचे द्या. दुरुस्तीचा वेळही नावेचाच होता." म्हातारा नको नको म्हणत होता, पण बाईंनी ऐकले नाही.

श्रोतेहो, या हकीकतीत कुणी बुडाले नाही, कुणी कुणाला वाचवले नाही. म्हणूनच ती सांगण्याजोगी आहे. बुडाल्याच्या बातम्या वर्तमानपत्रात येतात. न बुडाल्याची बातमी कधी येत नाही. आता त्या म्हाताऱ्याने बोटभर पाण्याची एवढी धास्ती का घेतली, ते आपण नीट समजून घेऊ. शिक्षक बंधुभगिनींनी तर हे वर्गात फळ्यावर मांडून दाखवावे.

एक लिटर पाण्याचे वजन एक किलो. समजा, नावेचा तळ तीन मीटर लांब आणि एक मीटर रुंद आहे. त्यावर पाच सेंटिमीटर पाणी साचले. पाच सेंटिमीटर म्हणजे पायाचा घोटाही बुडत नाही. पण गुणाकार करून पाहा. ते पाणी होते दीडशे लिटर, म्हणजे दीडशे किलो. म्हणजे नावेत दोन धडधाकट माणसे न विचारता येऊन बसली आणि एक पोरही सोबत घेऊन आली! नाव तेवढी खाली गेली, तिचा काठ पाण्याच्या तितका जवळ आला.

बरे, ही न विचारता आलेली माणसे एका जागी बसतही नाहीत. घरी परातीत निम्मे पाणी घाला आणि परात उचलून चार पावले चाला. जरा हात कलला की सगळे पाणी त्याच बाजूला धावते आणि परात आणखी कलते. नावेतले पाणी असेच करते. कुणी पक्षी पाहायला डावीकडे वाकला, नाव डावीकडे कलली, की आतले पाणी डावीकडे धावते आणि नावेला आणखी खाली दाबते. धान्याचे पोते एका जागी पडून राहते. पाणी राहत नाही. म्हणून नावेतले पाणी हे साध्या ओझ्याहून वाईट ओझे.

आणखी एक हिशेब. नावेच्या तळाला पाण्याखाली एक फुटावर अंगठ्याएवढे भोक पडले, तर त्यातून मिनिटाला सुमारे पंचवीस लिटर पाणी आत येते. म्हणजे मिनिटाला जवळजवळ दोन बादल्या. तळ्याच्या मध्यापासून काठ दहा मिनिटांवर असेल, तर काठाला येईतो अडीचशे लिटर पाणी आत. एका माणसाने वल्हवायचे की उपसायचे? म्हणून अनुभवी नावाडी पायाला ओल लागली की काठ गाठतो. त्याचा पाय हेच त्याचे मोजमाप असते.

आता सांधा उघडतो कशाने? लाकूड पाण्यात फुगते आणि उन्हात आक्रसते. फुगलेल्या फळ्या एकमेकींना घट्ट दाबून धरतात आणि सांधा बंद राहतो. नाव उन्हाळाभर काठावर पालथी पडली की फळ्या आक्रसतात आणि फटी पडतात. म्हणून जाणकार लोक कोरडी नाव एकदम खोल पाण्यात नेत नाहीत. आधी ती काठाच्या उथळ पाण्यात भिजत ठेवतात, लाकूड फुगू देतात, आणि मग काय झिरपते ते पाहून सांधे भरतात. सांध्यात कापूस, ताग किंवा जुने सुती कापड ठासायचे आणि वरून राळ किंवा डांबर चढवायचे, ही रीत कोकणच्या बंदरापासून आमच्या बोडीपर्यंत थोड्या फरकाने सारखीच आहे. खिळे लोखंडी असतील तर ते गंजतात, आणि गंजलेल्या खिळ्याभोवतीचे लाकूड कुजते. वरून रंग ताजा दिसतो, आत सुरी सहज शिरते. म्हणून नाव पारखणारा माणूस रंगाकडे पाहत नाही. तो टोचून पाहतो. झाडाचे खोड कोरून केलेल्या डोंग्याला फळ्यांचे सांधे नसतात, ही त्याची मोठी सोय. पण त्यालाही चीर जाते, आणि ती लाकडाच्या रेषेने लांबतच जाते.

अलीकडे फायबरच्या नावा आल्या आहेत. पायाने चालवायच्या नावा आल्या आहेत. त्यांना काही करावे लागत नाही, असा एक समज पसरला आहे. तो खोटा आहे. फायबरला खडकाचा धक्का बसला की केसासारखी चीर पडते आणि तिच्यातून पाणी आत मुरत राहते. पायाने चालवायच्या नावेच्या पोटात पोकळ कप्पे असतात. त्यात पाणी भरले तरी वर बसलेल्याला दिसत नाही. नाव नेहमीपेक्षा जड चालते आणि एका अंगाला झुकते, एवढीच खूण. तळाला पाणी काढून टाकण्याचे बूच असते. ते सैल राहिले तर त्याच वाटेने पाणी आत येते. मशीनच्या नावेचे आणखी वेगळे. मशीन तलावाचेच पाणी ओढून स्वतःला थंड ठेवते आणि पुष्कळ मशीनांच्या मागून त्या पाण्याची एक बारीक धार बाहेर पडत असते. ती धार थांबली की मशीन तापू लागले, असे समजावे. आमच्या तलावांत पाणवनस्पती दाट. त्या पंख्याला गुंडाळल्या की पंखा अडतो, आणि नाव मध्येच उभी राहते. म्हणून मशीनच्या नावेतही एक वल्हे असावेच.

हे सगळे ऐकून तुम्ही म्हणाल, नावाड्याचे काम नावाड्याने करावे, त्यात आमचा काय संबंध? संबंध आहे. त्या बाईंच्या प्रश्नाला म्हाताऱ्याने दिलेले उत्तर आठवा. नाव रविवारी पाण्याबाहेर निघाली नाही, कारण लोकांनी ती निघू दिली नाही. नावाड्याची कमाई हिवाळ्यातल्या सुट्ट्यांवर. नाव काठावर उलटी घातली की त्या दिवशीची चूल अडते. वर गिऱ्हाईक घाई करते, आणखी दोघांना बसव म्हणते, नाही म्हटले तर दुसऱ्या नावेकडे जाते. अशा वेळी दुरुस्ती पुढे ढकलली जाते. आज नाही उद्या, उद्या नाही परवा. दोष एकट्या नावाड्याचा नसतो; काठावर उभे राहून घाई करणाऱ्या आपणा सर्वांचा त्यात वाटा असतो.

ही पुढे ढकलण्याची सवय आमच्या भागाला एरवीही महाग पडली आहे. ज्या तलावांवर आपण नाव घालतो, ते कोहळी समाजाच्या पूर्वजांनी बांधले. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या जिल्ह्यांत असे सहा हजारांहून अधिक मालगुजारी तलाव आहेत. पाळ, पाणी सोडण्याचे तुडूम, जादा पाणी वाहून जाण्याचा सलंग, असे त्यांचे एकेक अंग. पावसापूर्वी पाळीवर माती टाकणे, पाट उकरणे, उंदीर-घुशींची बिळे बुजवणे ही गावाची नेमाची कामे होती. १९५१ साली मालगुजारी गेली, तलाव सरकारकडे आले. मालगुजारी गेली ते योग्यच झाले. परंतु तिच्याबरोबर पुष्कळ ठिकाणी दरवर्षीचा निगेचा नेमही गेला. तळात गाळ चढला, काठाला बेशरमाची झुडपे माजली, पाणी उथळ झाले आणि मासळी घटली. आता आमच्या तालुक्यातल्या काही मच्छीमार संस्थांनी आणि ढिवर समाजाच्या भगिनींनी बेशरम उपटून इथल्या पाणवनस्पती पुन्हा लावण्याचे काम हाती घेतले आहे, ही फार समाधानाची गोष्ट. पाळीतले घुशीचे बीळ आणि नावेतला उघडा सांधा ही सख्खी भावंडे आहेत. दोन्ही लहान असताना मूठभर मातीने किंवा चिंधीने भागते.

आता शिक्षक मित्रांसाठी थोडे. १८ जानेवारी २०२४ रोजी वडोदऱ्याच्या हरणी तलावात शाळेच्या सहलीची नाव उलटली. बारा मुले आणि दोन शिक्षिका गेल्या. त्याच वर्षी २१ मे रोजी उजनीच्या पाण्यात वाऱ्याने नाव उलटून सहा जण बुडाले. त्याआधी १४ सप्टेंबर २०२१ रोजी अमरावती जिल्ह्यात झुंज येथे वर्धा नदीत नाव उलटून अकरा जण गेले. प्रत्येक ठिकाणचे कारण निराळे. कुठे गर्दी, कुठे वारा, कुठे अंगावर जॅकेट नाही. पण काठ सोडण्यापूर्वी पाच मिनिटे थांबून पाहण्याची सवय सर्व ठिकाणी उपयोगाचीच. १९१७ च्या जुन्या कायद्याचा भर यंत्रावर चालणाऱ्या नावांवर होता. २०२१ च्या अंतर्देशीय जलयान कायद्याने वल्ह्यांच्या साध्या नावांचीही दखल घेतली. कायदा झाला हे चांगले झाले. तरी काठावर उभे असते ते गुरुजी, कायदा नव्हे.

म्हणून सहल पाण्यावर नेण्याआधी गुरुजींनी एवढे पाहावे. पहिली गोष्ट, नावेचा तळ डोळ्यांनी पाहावा. पाणी साचलेले असेल तर ते कशाने साचले, ते विचारावे. वल्ह्याचे थेंब असतील तर उपसल्यावर पुन्हा साचणार नाही. सांधा असेल तर साचेल. दुसरी गोष्ट, ही नाव तळ तपासण्यासाठी शेवटची पाण्याबाहेर कधी काढली, ते नावाड्याला आदराने विचारावे. चांगल्या नावाड्याला हा प्रश्न आवडतो. तिसरी गोष्ट, पाणी उपसायचा डबा, एक दोर आणि एक जादा वल्हे नावेत आहे ना? चौथी, जितकी माणसे तितकी जॅकेटे, आणि ती अंगात घालून पट्टे आवळलेले. जॅकेट बसायला खाली घेऊ नये. दबून दबून त्यातला फोम निकामी होतो. पाचवी, ठरलेल्या संख्येपेक्षा एकही मूल जास्त नाही. मुले लहान आहेत, दोघांत तिसरे मावेल, हा हिशेब पाण्यावर चालत नाही. आणि सहावी गोष्ट सर्वांत महत्त्वाची: नावाडी म्हणाला, आज नको, वारा आहे, किंवा नाव दुरुस्त करायची आहे, तर त्याच्याशी वाद घालू नये. त्याने नकार दिला तर त्याची त्या दिवसाची मजुरी बुडते. पदरचे नुकसान सोसून तो नाही म्हणतो, तेव्हा ते ऐकण्याजोगेच असणार.

शक्य झाल्यास मुलांना दुरुस्तीच दाखवावी. तासभर नावेत बसून मूल जे शिकेल, त्यापेक्षा काठावर सांधा भरताना पाहून अधिक शिकेल. लाकूड का फुगते, पाणी किती वजनाचे, राळ झाडातून कशी येते, लोखंड का गंजते, हे सारे विज्ञान तिथे उघडे पडलेले असते. ज्या ढिवर मुलाच्या वडिलांच्या हातात ती छिन्नी आहे, त्या मुलाची मान त्या दिवशी वर्गात ताठ होईल, हा लाभ वेगळाच.

आणि जी जोडपी हौसेने नौकाविहाराला येतात, त्यांना एक विनंती. सकाळी या, सावकाश या, रविवार टाळता आला तर टाळा. नाव काठाला लागली आणि नावाड्याने छिन्नी काढली, तर चिडू नका. काठावर बसा, डबा उघडून शिदोरी खा, त्यालाही द्या. पाण्यावरून जे पक्षी दिसतात, ते काठावरूनही दिसतात. उलट वल्ह्याचा आवाज नसल्याने जवळ येतात. दुरुस्तीला गेलेला वेळ तुमच्या विहारातून वजा झाला, असे मानू नका. तो वेळ कुणीतरी दिला, म्हणून विहार पुरा होतो. त्या वेळेची मजुरी नावाड्याच्या हातावर ठेवा, म्हणजे पुढच्या रविवारी नाव पाण्याबाहेर काढायला त्याला भीती वाटणार नाही.

मे महिन्यात तलाव आटतील. ज्यांच्या घरी डोंगा किंवा नाव आहे, त्यांनी ती तेव्हा सावलीत ओढून घ्यावी, खरवडून, टोचून पाहावी, आणि पावसाआधी सांधे भरून घ्यावेत. ज्यांच्या घरी नाव नाही, त्यांनी आपल्या गावच्या तलावाची पाळ एकदा चालून पाहावी. कुठेतरी एखादे बीळ सापडेलच.